सॉफ्टवेअर घेतलंय, पण कोणी उघडतच नाही

पत्र:

ताई, मी फोंड्यात एका एसी सर्व्हिसच्या कंपनीत ऑफिस सांभाळते. आम्ही २२ जण, त्यातले १४ टेक्निशियन. कांदोळी-कळंगुटपासून खाली काणकोणपर्यंत हॉटेलांचे एएमसी (वर्षभराच्या देखभालीचे करार) आमच्याकडे आहेत. कंप्लेंट फोनवर येते, मी किंवा स्टोअरचे भाई ती डायरीत लिहितो, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि तिथे गुड मॉर्निंग, हॅपी बर्थडे आणि कॉइलचे फोटो ह्यात ती वाहून जाते. गेल्या सीझनला एकाच रूमसाठी दोन मुलं दोन गाड्या घेऊन पोचली आणि दुसऱ्या हॉटेलात कोणीच नाही. पात्रांवांनी (आमच्या मालकांनी) वैतागून एक ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं, वर्षाचे पैसे भरले, एका रविवारी सगळ्यांना बोलवून ट्रेनिंग केलं, आणि तीन आठवड्यांत सगळे परत ग्रुपवर. पात्रांव मला विचारतात रिपोर्ट का रिकामा, म्हणून रात्री घरी बसून ग्रुप वाचत मीच सगळ्यांच्या एंट्र्या मारते. भाई तर सरळ म्हणतात, माझी डायरी कधी हँग होत नाही. मुलांना दंड लावू का? की बक्षीस ठेवू? आणि भाई वर्षअखेर रिटायर होतायत, त्यांच्या जुन्या डायऱ्यांचं काय करायचं तेही सांगा.
— दमलेली ॲडमिन, फोंडा

उत्तर:

सगळ्यात आधी एक करा, आज रात्रीपासून त्या एंट्र्या मारणं बंद. खरंच सांगते, तुम्ही रात्री बसून भरताय म्हणून सकाळी पात्रांवांना वाटतं सॉफ्टवेअर चाललंय, मुलांना वाटतं ताई भरते मग आपण कशाला, आणि तुम्हाला सोडून कोणालाच काही त्रास नाहीये, मग बदलणार कोण आणि कशासाठी? फक्त बंद करायच्या आधी पात्रांवांना सांगून ठेवा की आता आठवडाभर रिपोर्ट रिकामा दिसेल आणि तो रिकामा आहे हेच खरं आहे. न सांगता बंद केलंत तर ओरडा तुम्हालाच बसणार.

दंडाचं तर डोक्यातून काढूनच टाका. एक म्हणजे कायद्यात ते इतकं सोपं नाही, कुठल्या चुकीला दंड ते आधी सरकारी मंजुरी घेऊन नोटीस लावून सांगावं लागतं, आणि एकूण दंड त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर नेता येत नाही, हे १९३६ च्या पगाराच्या कायद्यातही होतं आणि २०१९ च्या नव्या वेतन संहितेतही आहे. पण कायदा राहू दे बाजूला, दंड लावलात की मुलं भरतील, नाही असं नाही, पण काय भरतील? सगळीकडे 'झालं', 'ओके', 'चेक केलं'. असल्या शीटपेक्षा भाईंची डायरी शंभर पटीने बरी. बक्षिसाचंही तेच, पहिल्या महिन्यात ज्याने जास्त फॉर्म भरले त्याला मिक्सर, आणि मग एका फिल्टर क्लिनिंगचे तीन फॉर्म. तेव्हा दोन्ही नको.

आता जरा मुलाच्या जागी उभं राहून बघा. पाळोळ्याच्या कुठल्यातरी हॉटेलच्या गच्चीवर तो उभा आहे, समोर आउटडोअर (एसीचं बाहेरचं युनिट), समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने त्याच्या फिन्स, म्हणजे पातळ पत्र्या, खाऊन टाकलेल्या, हात लावला की भुगा पडतो. हाताला केमिकल, खाली हॉटेलचा इंजिनियर दर पाच मिनिटांनी विचारतोय किती वेळ, गेस्ट रिसेप्शनला भांडतोय. अशात त्याने फोन काढायचा, ॲप उघडायचं, पासवर्ड आठवायचा (आठवत नाही), मग इंग्लिशमधली दहा-बारा खोकी भरायची, सेव्ह करायचं, आणि एवढं सगळं झाल्यावर पात्रांवांचा फोन येतो, "कितें जालें रे पाळोळ्याचें?" म्हणजे त्याने जे लिहिलं ते कोणी वाचलंच नाही, परत तोंडाने सांगायचंच आहे. तुम्ही असतात तर दुसऱ्या दिवशी भरलं असतं? मी तर नसतं भरलं.

तुमचं घोडं इथेच अडलंय. हे जगभर झालेलं आहे बरं का, आपल्याकडेच नाही. १९८८ मध्ये जॉनथन ग्रुडिन नावाच्या संशोधकाने ह्याच्यावर पेपर लिहिला होता, एकत्र काम करायचे कॉम्प्युटर प्रोग्रॅम आपटतात का म्हणून. त्याचं एक उदाहरण ऑफिसातल्या ऑनलाइन कॅलेंडरचं होतं. मीटिंग आपोआप ठरावी म्हणून प्रत्येकाने आपापलं कॅलेंडर रोज भरत राहायचं, आणि फायदा कोणाला, तर मीटिंग बोलावणाऱ्या साहेबाला आणि त्याच्या सेक्रेटरीला. कष्ट एकाचे आणि सोय दुसऱ्याची, मग बाकीचे भरत नाहीत आणि बाकीचे भरत नाहीत म्हणून साहेबालाही ते निरुपयोगी. तुमच्याकडे सेम टू सेम, भरायचं १४ मुलांनी आणि बघायचं पात्रांवांनी.

तेव्हा सवय कशी लावू हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी हे शोधा की मुलांचं स्वतःचं डोकं कशाने फिरतं. चहाच्या वेळेला विचारा, मीटिंग बोलावून नको. मला अंदाज आहे काय निघेल. एक, फोंड्याहून काणकोणला गेलो आणि तिथे कळलं की कॅपॅसिटर हवा होता, परत या, परत जा. दोन, हॉटेलवाला म्हणतो तुमचा माणूस आलाच नाही, आणि मुलगा गेलेला असतो पण दाखवायला काही नाही. तीन, महिनाअखेर ओव्हरटाइमवरून भांडण, तू म्हणतोस रात्री नऊपर्यंत होतो, कशावरून? ह्यातलं एक, फक्त एक, तुमच्या नव्या सिस्टिमने मिटवून दाखवा. मी असते तर ओव्हरटाइमचं आधी घेतलं असतं, कारण ते थेट खिशातलं आहे, आणि फॉर्म पाठवला की त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते, मुलाला वेगळं काही लिहावंही लागत नाही. पात्रांवांकडून एवढंच कबूल करून घ्या की संध्याकाळनंतरच्या कामाचा फॉर्म आला असेल तर त्या ओव्हरटाइमवर वाद घालायचा नाही, पगारात सरळ धरायचा. पहिला पगार तसा झाला की पुढचं अर्धं काम झालंच म्हणून समजा.

सॉफ्टवेअरचे पैसे भरलेत, ते गेले असं समजा. म्हणजे फेकून द्या असं नाही, पण भरलेत म्हणून त्यातलं सगळं वापरलंच पाहिजे हा हट्ट नको. दोन महिने साधं गूगल शीट आणि गूगल फॉर्म, बस्स. फुकट आहे, मुलांच्या फोनमध्ये क्रोम आहेच, नवीन ॲप नको, पासवर्ड नको. दोन महिन्यांनी गाडी रुळाला लागली की मग बघा त्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये जायचं का, तेव्हा निदान काय हवं आणि काय नको ते तुम्हाला माहीत असेल.

कसं करायचं ते जरा सविस्तर सांगते कारण सगळी गोम इथेच आहे.

शीट ऑफिससाठी, फॉर्म मुलांसाठी. मुलांना फोनवर शीट उघडायला लावू नका, बारीक अक्षरं, बोट भलत्याच खान्यात पडतं आणि दुसऱ्याचं पुसलं जातं. शीटमध्ये एका ओळीत एक कंप्लेंट: नंबर, तारीख, हॉटेल, रूम, काय बिघडलं, कोणाला दिली, पार्ट, स्थिती. 'काय बिघडलं' आणि 'स्थिती' ह्यांना ड्रॉपडाउन लावा, नाहीतर एक 'पाणी गळतंय' लिहील, दुसरा 'लीकेज', तिसरा 'ड्रेन चोक', आणि महिनाअखेर मोजायला गेलात की तीनही वेगळे. ड्रॉपडाउन पाच-सहाच ठेवा: कूलिंग नाही, पाणी, आवाज, चालूच होत नाही, रिमोट, इतर.

फॉर्ममध्ये पाच प्रश्न. कंप्लेंट नंबर, हॉटेल, काय केलं, पार्ट हवा का आणि कुठला, काम झालं की राहिलं. सहावा प्रश्न घालायचा मोह होणार, पात्रांव तर दहा सुचवतील, ह्याची गॅसची प्रेशर रीडिंग पण घ्या, त्याची सही पण घ्या. नाही म्हणा. सहावा हवा असेल तर पाचातला एक काढायचा, हा नियमच करून टाका. प्रश्न साध्या मराठीत लिहा, आणि तुमच्याकडे झारखंड-ओडिशाची मुलं असतील तर खाली हिंदीतही. 'काय केलं' ला टाईप करायला लावू नका, कीबोर्डवरचा माइक दाबायचा आणि बोलायचं, मराठी-हिंदी दोन्ही चालतं, चुकलं एखादं अक्षर तर चुकू दे, कॉइलचं कोयल झालं तरी भाईंना कळतंच.

मग एक मस्त गोष्ट, फॉर्मच्या मेन्यूत प्री-फिल्ड लिंक म्हणून ऑप्शन आहे. हॉटेलचं नाव आधीच भरलेली लिंक बनवायची, प्रत्येक हॉटेलची वेगळी, आणि तिचा क्यूआर कोड काढायचा, कॉम्प्युटरवरच्या क्रोममधून निघतो. लॅमिनेट करून त्या हॉटेलच्या इंजिनियरिंग ऑफिसात किंवा एएमसीच्या रजिस्टरच्या आतल्या पानाला चिकटवा. बाहेर आउटडोअरजवळ नको, एका पावसात जाईल. मुलाने पोचल्यावर यूपीआयचा करतो तसा स्कॅन करायचा, हॉटेलचं नाव आपोआप. राहिले चार प्रश्न, एक मिनिटाचं काम.

फोटोंचं म्हणाल तर फॉर्ममध्ये फोटो अपलोड ठेवता येतो पण मग जीमेलने साइन-इन करावं लागतं आणि तिथेच निम्मी मुलं गळतात, शिवाय फोटो तुमच्या ड्राइव्हमध्ये येऊन बसतात आणि फुकटच्या १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून बसवायचं असतं, कॉइलच्या फोटोंनी सीझन संपायच्या आत भरेल. फोटो सध्या व्हॉट्सॲपवरच येऊ देत, फक्त खाली कंप्लेंट नंबर लिहायला लावा.

फॉर्म आला की शीटमधली स्थिती हाताने बदलत बसू नका, नाहीतर तुमची रात्रपाळी दिवसपाळी होईल एवढंच. एक्सलूकअप (XLOOKUP, शीटमधलं शोधून आणायचं सूत्र) लावा, कंप्लेंट नंबरवरून फॉर्ममधली स्थिती उचलायची, आणि त्याला शेवटून शोधायला सांगा, शेवटचा आकडा उणे १ घातला की तो तळापासून वर शोधतो. कारण एकाच नंबरवर मुलगा दोनदा जातो, पहिल्यांदा 'पार्ट हवा' आणि दुसऱ्यांदा 'झालं', वरून शोधलं तर शीट जन्मभर पार्टच मागत बसेल.

बेसमेंटच्या प्लांटरूममध्ये नेटवर्क नसतं, आणि नेट नसताना फॉर्म जात नाही. तेव्हा नियम असा ठेवा की गाडीला किल्ली लावायच्या आधी फॉर्म. तोपर्यंत माणूस उघड्यावर आलेला असतो, रेंज असते, आणि काय केलं ते डोक्यात ताजं असतं. संध्याकाळी घरी जाऊन भरतो म्हणणाऱ्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता व्हॉट्सॲप. ते बंद करायला जाऊ नका, कोणाचंही बंद झालेलं नाही. पण दोन ग्रुप करा. एक गप्पांचा, तिथे वाढदिवस, गुड मॉर्निंग, कोणाच्या जात्रेचं आमंत्रण, काय ते घाला. दुसरा कामाचा, आणि त्याच्या सेटिंगमध्ये फक्त ॲडमिननेच मेसेज टाकायचे असं करून ठेवा. तिथे तुम्ही नंबर, हॉटेल, रूम आणि मुलाचं नाव एवढंच टाकायचं. मुलांना तिथे उत्तर देताच येत नाही, म्हणजे उत्तर द्यायला फॉर्म हाच एक रस्ता उरतो, आणि कोणाला रागवायची गरजही पडत नाही.

आणि मग पात्रांव. इथे तुम्हाला थोडं धैर्य लागेल. सगळं नीट करूनही पात्रांवांनी मुलाला फोन करून "कितें जालें" विचारलं की सगळं पाण्यात, कारण मुलाला बरोबर कळतं की खरा रिपोर्ट फोनवरचा आणि फॉर्म हे बाकीचं नाटक. त्यांच्याकडून एक महिना एवढंच मागा: चालू कामाचं विचारायचं असेल तर आधी शीट बघा, शीटमध्ये नसेल तर मला विचारा, मुलाला नाही. त्यांच्या फोनच्या होम स्क्रीनवर शीटचा शॉर्टकट ठेवून द्या आणि 'राहिलेली कामं' म्हणून वेगळी टॅब करून तीच उघडेल असं करा, त्यांना डिचोलीतल्या झालेल्या ४० कामांत रस नसतो, कळंगुटच्या न झालेल्या चारात असतो. सकाळी मुलं निघायच्या आधी दहा मिनिटं ती टॅब टीव्हीवर लावा आणि पात्रांवांनाच वाचू द्या. पात्रांवांनी शीटमधलं वाचून एकदा एखाद्याला म्हटलं की "अरे तू कॅपॅसिटर मागितला होतास, आला काय?", की मुलांना कळतं लिहिलेलं कुठेतरी पोचतं.

पण तीच टीव्हीवरची शीट मुलांची झोपही उडवू शकते हे विसरू नका. त्यांच्या मनात पहिली शंका हीच की हे आमच्यावर नजर ठेवायला आणलंय, कोण किती वेळ कुठे थांबला ते बघून पगार कापणार. ते बोलणार नाहीत, फक्त भरणार नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी पात्रांवांच्या तोंडून, तुमच्या नाही, सगळ्यांसमोर यायला हवं की ह्या शीटवरून कोणाचा पैसा कापला जाणार नाही. आणि मग खरंच कापू नका.

ट्रेनिंग रविवारी ठेवलंत हे वाचून मी कपाळावर हात मारला. वांडा ऑर्लिकोव्स्की नावाच्या बाईंनी १९९२ मध्ये एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीचा अभ्यास छापला होता, तिथे लोटस नोट्स नावाचा एकत्र काम करायचा प्रोग्रॅम आणला होता, सगळ्यांनी ज्ञान एकमेकांत वाटावं म्हणून. तिथल्या लोकांचा प्रत्येक तास कुठल्यातरी क्लायंटच्या बिलावर जायचा, आणि नवीन प्रोग्रॅम शिकायच्या तासाला बिल कोणाचं? कोणाचंच नाही, म्हणून फारसं कोणी शिकलंच नाही. शिवाय माणसाला बढती मिळायची ती दुसऱ्याच्या पुढे गेल्यावर, मग आपल्याला माहीत असलेलं दुसऱ्याला फुकट कोण सांगणार. तुमच्या मुलांचा तर एकच रविवार, तोही घेतलात. शिकवायचं ते ड्युटीच्या वेळेत, दोन-दोन मुलांना, वीस मिनिटं, आणि खऱ्या कंप्लेंटवर. गाडीत बसून शिकवलं तरी चालेल.

आणि शिकवायला तुम्ही जाऊ नका. ज्याला अडलं की सगळे फोन करतात असा एक मुलगा प्रत्येक कंपनीत असतो, फार शिकलेला असेलच असं नाही, पण पीसीबी (एसीचं सर्किट बोर्ड) कुठला बसतो ते विचारायला सगळे त्यालाच पकडतात. तो पटला की बाकीचे येतात. त्याच ग्रुडिनने पुढे १९९५ मध्ये लेसिया पेलनबरोबर परत बघितलं, की मायक्रोसॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ती ऑनलाइन कॅलेंडरं मग रुळली कशी. वरून हुकूम काढल्यामुळे असं नाही निघालं, आजूबाजूचे वापरायला लागले, वापरायला सोपं झालं, आणि मग न वापरणारा एकटा पडायला लागला म्हणून. तुमच्याकडेही चार-पाच मुलं भरायला लागली आणि त्यांना पार्ट वेळेत मिळायला लागले की बाकीचे स्वतः विचारत येतील.

एक गंमत पहिल्या दिवशी जरूर करा. सगळ्यांसमोर शीटमधल्या सगळ्या ओळी सिलेक्ट करून डिलीट मारा. लोकांच्या तोंडचं पाणी पळेल. मग व्हर्जन हिस्टरी उघडून दहा मिनिटांपूर्वीची शीट परत आणून दाखवा. कॉम्प्युटरला हात न लावणाऱ्या माणसाला आळस असतो असं मला तरी वाटत नाही, आपल्या हातून काहीतरी उडेल ही भीती असते, आणि ती अशी बघूनच जाते. (आणि गोव्यातली माणसं सुशेगाद म्हणून नवीन शिकत नाहीत असं पुण्या-मुंबईचा कोणी सल्लागार म्हणाला तर त्याला मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर आउटडोअर खोलायला पाठवा.)

भाईंकडे येते. ते म्हणतात डायरी हँग होत नाही, आणि ते बरोबर बोलतायत. फोंड्यात जूनमध्ये वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे. मग त्यांच्याशी वाद घालायच्या ऐवजी रोज संध्याकाळी राहिलेल्या कामांचं एक पान प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवा, दुसऱ्या दिवशी नेट नसलं तरी काम अडणार नाही. आणि शीट बनवायच्या आधी त्यांच्या डायरीचं एक पान समोर घेऊन बसा. त्यांच्या पानावर रूम नंबरच्या बाजूला एखादी फुली असेल, एखाद्या हॉटेलच्या नावाखाली दोन रेघा असतील. विचारा ते काय आहे. निघेल की फुली म्हणजे वॉरंटीतलं मशीन, दोन रेघा म्हणजे पैसे थकलेत, आधी विचारून मगच माणूस पाठव. तुमच्या त्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये ह्या दोन रेघांना खोकं होतं का? शीटमध्ये तो कॉलम करा, भाई सांगतील त्या नावाने. 'पार्ट' चा कॉलम प्रोटेक्ट करून फक्त त्यांनाच बदलता येईल असा ठेवा. माणूस तीस-पस्तीस वर्षं स्टोअर सांभाळतोय, त्याची किल्ली काढून घेतलीत तर तो का मदत करेल? किल्ली त्याच्याकडेच ठेवा, कुलूप फक्त नवीन.

वेळेचं एक सांगते. ऑक्टोबरात सुरू करू नका, सीझन लागला की कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पहिल्याच गर्दीत सगळे जुन्या सवयीवर जातील. पावसात करा, जुलैत, हॉटेलं अर्धी रिकामी असतात. चतुर्थीच्या आधी निदान महिनाभर मिळायला हवा, कारण चतुर्थीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणण्यापासून विसर्जनापर्यंत अर्धा स्टाफ गायब, आणि परत येतात ते थेट सीझनच्या आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये.

तीन बारीक गोष्टी, पण नंतर महागात पडतात त्या. शीट तुमच्या स्वतःच्या जीमेलवर बनवू नका, कंपनीच्या अकाउंटवर बनवा, उद्या तुम्ही नोकरी सोडलीत तर शीट तुमच्याबरोबर जाईल आणि भांडण होईल. आणि शेअर करताना 'लिंक असलेला कोणीही' हे ठेवू नका, नावं घालून द्या, जो सोडून जाईल त्याचं नाव त्याच दिवशी काढा. गेस्टचं नाव, फोन नंबर शीटमध्ये लिहूच नका, रूम नंबर पुरतो, २०२३ मध्ये लोकांच्या खासगी माहितीचा वेगळा कायदा झालाय आणि हॉटेलवाले त्याबाबतीत हल्ली कडक झालेत.

राहिल्या भाईंच्या जुन्या डायऱ्या. त्या सगळ्या टाईप करून घ्यायच्या भानगडीत पडू नका, कोणी सांगितलं तरी. ड्राइव्हच्या ॲपमध्ये स्कॅन आहे, कॅमेऱ्याने पान धरलं की पीडीएफ होतं, एका ट्रेनी मुलाला पावसाळ्यातल्या रिकाम्या दुपारी बसवा, वर्षाप्रमाणे फोल्डर करा, झालं. टाईप करायचं ते फक्त त्रास देणाऱ्या मशीनचं. त्यासाठी भाईंबरोबर रोज अर्धा तास बसा, एकेक हॉटेल घ्या आणि विचारा, इथलं कुठलं मशीन तुम्हाला झोपेत आठवतं? ते सांगतील, अमक्या हॉटेलची २०४, तिथली ड्रेन लाईन मुळातच उलट्या उताराची आहे, कितीही साफ करा महिन्यात परत येणार. हे डायरीतही लिहिलेलं नसतं. तेवढं शीटमध्ये युनिटच्या समोर घाला, आणि कोणी सांगितलं तिथे भाईंचं नाव घाला. डिसेंबरच्या आत उरकायचं असेल तर चतुर्थीपर्यंत थांबू नका, ते ह्याच आठवड्यात सुरू करा, त्याला फॉर्म लागत नाही की क्यूआर कोड लागत नाही.